तिसरा माणूस

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी आम्ही दोघे मित्र चालतो. विषय बहुधा ठरलेला, याच टेकडीतून न्यायचा बालभारती ते पौड फाटा रस्ता. त्याला रस्ता हवा, मला टेकडी. परवा मी कबूल करून बसलो की लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कोंडीला माझ्याकडे उत्तर नाही. त्यावर तोही म्हणाला, "अरे, पण पावसाचं पाणी मुरणार कुठे, हे मलाही कळत नाही." तेवढ्यात मागून एक ओळखीचे गृहस्थ येऊन मिळाले आणि दोन मिनिटांत आम्ही आपापल्या जुन्या मोर्च्यांवर! आवाज चढले. उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेच्या अशा प्रकारांना नावं आहेत. तत्त्व शोधायचं तो वाद. जिंकायचंच, मग शब्दच्छल करावा लागला तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. ती पुण्यात कुणाला शिकवावी लागत नाही. वाद गुरुशिष्यांत, सहाध्याय्यांत व्हावा, त्याला सभेची गरज नाही, असं ही परंपरा मानते. आपण मात्र 'वाद' हा शब्द भांडणाला देऊन टाकला. 'हुज्जत'चंही तेच, मूळ अरबीत तिचा अर्थ पुरावा.

टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथेही त्यांचे वाद झडले, पण सभेवाचूनच; ऐकायला होतं कोण? पुढे १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, दुसऱ्या वर्षी त्यांचा 'सुधारक' निघाला, आणि तेच दोघे आठवड्याच्या आठवड्याला सगळ्या पुण्यासमोर उभे राहिले. मतं डोंगरीतही जुळत नव्हतीच. आता त्यांना वाचक मिळाले होते, दोन्ही बाजूंना टाळ्या होत्या. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गावाने. १८९५ च्या जूनमध्ये ते खरोखर गेले, तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. त्याला उत्तर द्यायला आगरकर नव्हते.

मित्राला रात्री फोन केला. उद्यापासून अर्धा तास आधी निघायचं ठरलंय. ते गृहस्थ सहाच्या आत उठत नाहीत.