रंगाखालचा तडा

एखादी वस्तू विकताना तिचा दोष घेणाऱ्याने विचारला नाही, तर आपण स्वतःहून सांगावा का? हा प्रश्न कोणत्याही सत्संगात विचारला तर सगळे एका सुरात 'हो' म्हणतील. मीही तेच म्हटले असते. पण गेल्या श्रावणात हा प्रश्न आमच्या घरात आला आणि उत्तर देताना मी अडखळले.

आम्ही बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहतो. १८९२ मध्ये वसलेली ही जुनी वस्ती. एका बाजूला कलासिपाळ्यची मालवाहतुकीची कार्यालये, जवळच गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला जे. सी. रोड. त्यामुळे लॉरी, गॅरेज आणि डिझेलचा वास हे आमच्या लहानपणाचा भागच आहेत. माझ्या मामांकडे एक जुनी टाटा ४०७ होती. वय झाले, आता गाडी विकायची, असे त्यांनी ठरवले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून विक्रीचा करार लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

गाडीत एक दोष होता. सकाळी थंड इंजिन सुरू केले की पुढून 'टिक-टिक-टिक' असा आवाज येई आणि दहा मिनिटांनी आपोआप थांबे. मामांना त्याचा अर्थ ठाऊक होता. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू ज्या बिडाच्या भागात एकत्र येतो आणि पुढे सायलेन्सरच्या पाइपात जातो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा तेथील वायू सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापतो. मग उतार लागतो, पाऊस येतो, गाडी रात्रभर उभी राहते. तापणे आणि निवणे, फुगणे आणि आकसणे. वर्षानुवर्षे हे सोसून बीड कुठेतरी तडकते. धातू थंड असताना तडा उघडा असतो, म्हणून वायू त्यातून ठोके देत निसटतो. धातू तापून फुगला की तडा मिटतो आणि आवाज बंद होतो.

म्हणूनच जुनी गाडी विकणारे काहीजण गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवतात. खोटे बोलावेच लागत नाही. धातूच गप्प बसतो.

मामांचे एक स्नेही म्हणाले, "हीट-प्रूफ सिल्व्हर मारून टाक. नव्यासारखे दिसेल." हा रंग चांगला असतो. साधा ऑइल पेंट तिथे धूर होऊन उडून जातो. सिलिकॉनच्या रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची बारीक भुकटी मिसळून केलेला हा चंदेरी रंग मात्र सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसतो आणि गंजापासून लोखंडाचे रक्षण करतो. म्हणजे रंगात काही पाप नाही. तो कशावर लावायचा, एवढाच प्रश्न होता.

मामा गाडी घेऊन ओळखीच्या मेस्त्रींकडे गेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मीही सोबत गेले. चाचांनी मॅनिफोल्ड खोलला, घासून स्वच्छ केला आणि हातोडीने हलकेच वाजवला. धड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. हा आवाज बद्द होता. मग त्यांनी त्यावर रॉकेल लावले, थोडा वेळ जाऊ दिला, फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडूची पूड भुरभुरली. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली काळसर रेघ उमटली. तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. ही रेघ मामांना माहीत होती. पण पलीकडे, स्टडच्या भोकाजवळ, दुसरी रेघ उमटली. ती कोणालाच माहीत नव्हती.

त्या दुसऱ्या रेघेने मला अस्वस्थ केले. आपण जो दोष झाकायचा की सांगायचा यावर वाद घालत होतो, तो आपल्याला दिसलेला दोष होता. पहिल्यावर रंग मारला असता, तर दुसरा सापडलाच नसता. झाकणाऱ्याला वाटते की आपण दुसऱ्याला अंधारात ठेवतो आहोत. प्रत्यक्षात तोही त्याच अंधारात बसलेला असतो.

दुरुस्ती दोन दिवस चालली. तडा पुढे पळू नये म्हणून चाचांनी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली. तड्याच्या रेषेत खोबण काढली. संपूर्ण भाग भट्टीत तापवला, कारण थंड बिडाला वेल्डिंगचा चटका दिला तर ते शेजारीच पुन्हा तडकते. मग निकेलच्या रॉडने बोटभर टाका घालायचा, थांबायचे, हातोडीने हळूहळू ठोकायचे, पुन्हा बोटभर टाका. शेवटी सगळा भाग कोरड्या चुन्यात पुरून ठेवला, रात्रभर सावकाश निवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी बसण्याची बाजू मशीनवर सपाट करून घेतली, नवे गॅस्केट घातले आणि भाग गाडीला बसवला.

"आणि रंग?" मामांनी विचारले.

"आत्ता नाही भाई. आठ दिवस भरून चालवा. कुठं गळत असेल तर काजळीची रेघ दिसेल. आत्ता रंग मारला तर मलाच दिसणार नाही."

आठ दिवसांनी गाडी आली. काजळी नव्हती. मग चाचांनी तारेच्या ब्रशने आणि थिनरने पृष्ठभाग साफ करून रंगाचे दोन पातळ हात दिले. ते सुकल्यावर इंजिन थोडे चालवून थांबवले, मग जास्त वेळ चालवले. असा टप्प्याटप्प्याने तापल्यावरच हा रंग पक्का बसतो.

खरा प्रश्न यानंतर आला. आता गाडी दुरुस्त होती. टाका रंगाखाली होता, दिसत नव्हता. घ्यायला आलेला मुलगा तिशीच्या आतला होता. अनेक वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून राबला होता आणि कर्ज काढून पहिली स्वतःची गाडी घेत होता. त्याने टायर पाहिले, कागद पाहिले आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या शब्दावर घेतो."

आमच्या अभ्यासक्रमात १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्याच्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट कृती करून दडवणे ही फसवणूक ठरते, पण नुसते गप्प बसणे सहसा फसवणूक ठरत नाही. कायद्यात घोड्याचे उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याने त्याचा दोष सांगितला नाही, तर ती फसवणूक नव्हे. मात्र घेणारी व्यक्ती नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. परीक्षेसाठी हे पाठ करताना मला काहीच वाटले नव्हते. करार लिहायला बसले तेव्हा मनात आले, की कायद्याने प्रामाणिकपणाची किमान पायरी नात्यावर ठरवली आहे. मुलीला सांगायचे, परक्याला नाही. आणि आपण प्रार्थनेत तर सर्वांना एकाच परमात्म्याची लेकरे म्हणतो.

हा वाद काही आपल्याकडचाच नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने कर्तव्यावर लिहिलेल्या ग्रंथात घर विकणाऱ्याचा असाच प्रश्न मांडला आहे आणि दोन स्टोइक तत्त्वज्ञांची परस्परविरोधी मते दिली आहेत. एक म्हणतो, मी कोणाला घ्यायला भाग पाडलेले नाही. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे.

पण मामांचे म्हणणे मी तुमच्यापुढे प्रामाणिकपणे ठेवायला हवे, कारण ते पोकळ नव्हते. ते म्हणाले, "अगं, तडा होता तेव्हा झाकला असता तर तू बोल. मी स्वतःच्या खिशातून दुरुस्त केलाय. क्लच बदलला, पाटे बदलले, ते सगळं सांगत बसू? मी 'तडा' म्हटलं की त्याला फक्त तडाच ऐकू येईल. खरं बोलून मी त्याला खोटी भीती घालीन."

मला उत्तर सुचले नाही. खरे शब्दही चुकीचा समज करून देऊ शकतात, हे मला अनुवादाच्या सेवेमुळे ठाऊक आहे. आणि त्याच सेवेत मी उलटी चूकही केली आहे. मूळ लेखातले एखादे वाक्य नीट कळले नाही, की त्यावर गुळगुळीत मराठीचा हात फिरवून पुढे जायचे. वाचकाला कळत नाही, कारण वाक्य चांगले दिसते. तोही चंदेरी रंगच.

मार्ग चाचांनी दाखवला, आणि तो नीतीच्या बाजूने नव्हे, कामाच्या बाजूने. पैसे द्यायला गेलो तेव्हा मामांनी सहज विषय काढला. चाचा म्हणाले, "त्याला सांगावंच लागेल. गरम असताना तिथं पाणी मारायचं नाही. महिन्यातून एकदा काजळी बघायची. उद्या दुसऱ्या मेस्त्रीनं साधा रॉड लावला तर सगळं फुटेल. हे त्याला कोण सांगणार?"

मी तोवर सांगणे म्हणजे कबुली समजत होते. मामाही तेच समजत होते, म्हणून त्यांना त्यात अपमान वाटत होता. चाचांच्या दृष्टीने ती माहिती जॅक आणि पान्यासारखी गाडीसोबत द्यायची वस्तू होती. ती ठेवून घेतली तर दुरुस्ती अर्धीच राहते. शिवाय त्या केबिनमध्ये बसणार तो मुलगा आणि त्याचा क्लीनर. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. टाका पुन्हा उकलला तर तो धूर आमच्या घरात येणार नव्हता.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली, ती कथा आपल्याला माहीत आहे. नामदेवांना कच्चे ठरवले गेले आणि त्यांना ते लागले. मला त्या कथेत आवडते ते पुढचे. नामदेव आपण पक्के असल्याचे पटवत बसले नाहीत. विसोबा खेचरांना शरण गेले. कच्चे मडके पुन्हा आव्यात गेले.

मामांनी त्या मुलाला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या सकाळी सहाला येतो. माझ्यासमोर थंड गाडी सुरू करा." तो आला, बॉनेटवर कान लावून उभा राहिला. आवाज आला नाही. तरी त्याने पाच हजार रुपये कमी करून घेतले. करारात मी दुरुस्तीची आणि काळजीची चार ओळींची नोंद लिहिली. मामा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

तिसऱ्या रात्री जेवण झाल्यावर ते म्हणाले, "याच्या आधीची गाडी मी गरम करून विकली होती." मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी काढायला सांगितली. कागदांत घेणाऱ्याचा फोन नंबर सापडला, पण तो आता बंद आहे. पत्ता दावणगेरेचा आहे. मार्गशीर्षात आमच्याकडे हुबळीला एक लग्न आहे, आणि दावणगेरे वाटेतच लागते. मामांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आहे.