शाखा बंद करताना

शाखा बंद करण्याचा ठराव लिहून झाला. 'विद्यार्थी सदस्य उरले नाहीत, सबब शाखा बंद करण्यात येत आहे.' कारण खरं आहे, कुणी ते नाकारणार नाही. तरी सही करताना माझा हात अडला. तो का अडला, हे स्वतःला विचारल्याशिवाय मला या कामातून मोकळं होता येणार नाही.

चंद्रपूरला कॉलेजात असताना आम्ही एका विद्यार्थी स्वयंसेवी संघटनेची ही शाखा काढली. या मुलखात स्वयंसेवक होण्याची हवाच आहे. बाबा आमट्यांनी 1967 साली मूल तालुक्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, आणि राज्यभरची पोरं भर मे महिन्यात तिथे घाम गाळायला येऊ लागली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 2006 पासून 'निर्माण'ची शिबिरं चालवली. त्याच हवेत आम्ही वाढलो आणि सिंदेवाही तालुक्यातल्या एका जंगलालगतच्या गावात जाऊ लागलो. संध्याकाळचा अभ्यासवर्ग, पुस्तकांची एक लोखंडी पेटी, आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींचे अर्ज भरून देणं, एवढंच आमचं काम.

पहिला प्रश्न मी स्वतःला हा विचारते: ते काम गावाच्या सोयीनं चालत होतं की आमच्या? आम्हाला मोठी सुट्टी मिळायची मे महिन्यात. त्याच दिवसांत गाव तेंदूपत्त्याला जातं. पहाटे अंधारात माणसं जंगलात शिरतात, दुपारी अंगणात घरदार बसून पुडे बांधतं, पोरंसुद्धा पानं मोजतात, आणि संध्याकाळी सगळे फळीवर, म्हणजे पानं विकायच्या जागी. वर्गाला येणार कोण? त्याआधी मोहफुलाचा हंगाम, तेव्हा आमच्या परीक्षा. पावसाळ्यात कॉलेजं सुरू होतात तेव्हा रोवणी, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास धानाची कापणी. गावाचं पंचांग आणि विद्यापीठाचं पंचांग यांचा मेळ क्वचितच बसायचा. बसायचा तेव्हा वर्ग सुंदर भरायचा, हेही खरं. वाघाच्या भीतीनं अंधार पडायच्या आत पोरांना घरी सोडावं लागे, तेव्हा धडा अर्धा टाकून आम्ही त्यांच्याबरोबर निघायचो. त्या चालण्यात जेवढं शिकवून झालं, तेवढं वर्गात झालं नसेल.

नवी मुलं का आली नाहीत, याचं खापर मी त्यांच्यावर फोडणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरले की प्रमाणपत्र मिळतं. आमच्याकडे द्यायला कागद नव्हता, हे एक कारण. पण आज जी मुलं कॉलेजात आहेत, त्यांतली कितीतरी याच धानपट्ट्यातल्या गावांची आहेत. ती पहाटे चारला पोलीस भरतीसाठी रस्त्यावर धावतात आणि दिवसा दुकानात काम करून खोलीचं भाडं भागवतात. त्यांना सेवा शिकवायला जायचा मला अधिकार वाटत नाही.

अवघड प्रश्न दुसराच आहे. माझं विद्यार्थिनीपण केव्हाच संपलं होतं. नोकरीला लागले, संसार झाला, तरी संयोजक मीच. जयप्रकाश नारायणांनी 1975 च्या पहिल्या दिवशी छात्र युवा संघर्ष वाहिनी काढली, तेव्हा तिशी ओलांडली की बाहेर पडायचं, असा तिचा नियम होता. तरुणपणी मला तो नियम कोरडा वाटे. आता वाटतं, संघटनेवरच्या प्रेमाचं मालकीत रूपांतर होऊ नये म्हणून तो केला असावा. याच वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल पुढे वर्षानुवर्षं धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या अभ्यासगटात बसत राहिले. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जानेवारी 2025 मध्ये मोहनभाऊ गेले, पण गावाची ग्रामसभा कुणा बाहेरच्याच्या जिवावर उभी नव्हती. आमची शाखा माझ्या जिवावर उभी होती. मी दारात उभी होते म्हणून दुसरं कुणी आत आलं नाही, की कुणी येत नव्हतं म्हणून मी उभी राहिले? खूप विचार केला. दोन्हींत थोडं थोडं सत्य आहे, याहून नेमकं मला सांगता येत नाही.

गावात सांगायला गेले तेव्हा मी मनात पुष्कळ जुळवून नेलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. ऐकून घेतलं. मग बचत गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "मग पेटी नेता का जी?" मी म्हटलं, पेटी तुमचीच. त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न केला, "अन् पोरीचे कागद कोन करन?"

तिथे मला कळलं की हात कशासाठी अडला होता. शाखा गेल्याचं दुःख माझं आहे. फलक, वार्षिक अहवाल, जुने फोटो, आम्हा मित्रांचं तारुण्य. ते गावाच्या गळ्यात बांधणं बरं नव्हे. गावाचं नुकसान वेगळं आणि नेमकं आहे. जमातीचा दाखला पडताळायचा तर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा काढायचा, नावातली एखादी वेलांटी चुकली तर प्रतिज्ञापत्र करायचं, मुदतीच्या आत शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा. यातला एक कागद राहिला की मुलीचं वर्ष जातं, आणि इथे वर्ष गेलं की लग्न ठरतं. ठरावात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून तो ठराव मी पुन्हा लिहिला. आमच्याच वर्गात शिकलेली, आता सिंदेवाहीला बी.ए. करणारी गावातली एक मुलगी हे काम घ्यायला तयार आहे. फुकट नाही, अर्जामागे थोडे पैसे घेईन, असं तिनं स्पष्ट सांगितलं, आणि बायकांनी ते मान्य केलं. मला ते ऐकून बरं वाटलं. खात्यात उरलेल्या रकमेतून तिला प्रिंटर घेऊन द्यायचा, मग खातं बंद करायचं. कुठल्या दाखल्याला कुठलं कार्यालय, कुठला कागद आधी, हे सगळं मी तिला वहीत उतरवून देते आहे. येत्या जूनमध्ये पहिले अर्ज ती भरेल. मी शेजारी बसेन, तिनं बोलावलं तर.