ग्रेगसमोरचा गोलंदाज

कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे नाव आज इंग्लंडमध्येही फार कुणाला आठवत नसेल. जन्म महूचा, १८७१ मधला. लष्करातला अधिकारी आणि पैसे न घेता खेळणारा हौशी फलंदाज. हॅम्पशायरकडून खेळताना १९०१ मध्ये त्याने लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या, पण कसोटी त्याच्या वाट्याला कधी आली नाही. उतारवयात तो कॅथलिक धर्मगुरू झाला.

मराठी माणसाला मात्र ग्रेग ठाऊक असतो, तो पूना क्लबच्या नेटमधल्या गोलंदाजामुळे. बाळू पालवणकर तिथे महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना गोलंदाजी करायचा. ग्रेग इतरांच्या आधी येऊन त्याच्यासमोर सराव करी, बाद झाला की आठ आणे देई, असं सांगतात. त्या सरावातून बाळूची डावखुरी फिरकी घडली. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही.

ग्रेगला बोल लावून मोकळं होता येत नाही. पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी चर्मकार समाजातल्या बाळूला संघात घेतलं. त्याच्या हातातून चेंडू घेताना सोवळं आड येत नव्हतं, चहा देताना येत होतं. त्याचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी मुंबईच्या स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं.

इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, बर्फ वितळलं की आमची मराठी पोरं स्टम्प घेऊन बाहेर पडतात. उन्हाळा आखूड, त्यामुळे प्रत्येकाला आधी बॅट हवी असते. धाकट्यांना नुसतं चेंडू टाकायला उभं करून मोठे खेळत राहतात, तेव्हा मी खेळ थांबवतो आणि त्यांना बाळूबद्दल सांगतो. चहाच्या भांड्यासकट सगळं सांगतो, कारण ते आपल्याच माणसांनी केलं होतं. मग सर्वांत जास्त चेंडू ज्याने टाकले, त्याच्या हातात बॅट देतो.