टाळी कोणाची?



भाविक वाचकहो, कीर्तनास उभे राहिले की प्रथम अभंग घ्यावा, त्याचे चरण सोडवावेत, मग दृष्टांत द्यावा, ही आपली रीत. आज आम्ही अभंग घेतलेला नाही. प्रश्न घेतला आहे. तो आमचाही नव्हे. एका बाईने तो आम्हांस विचारला, आणि चाळीस वर्षे वीणेपुढे उभे राहूनही आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

त्याचे असे झाले. मनमाडास एका देवळात सप्ताह होता. कीर्तन आमचे, आणि आख्यानास विराटपर्व. पांडव अज्ञातवासात राहिले, अर्जुन बृहन्नडा झाला, ही कथा आली की मंडपात रंग भरतो हे प्रत्येक कीर्तनकारास ठाऊक आहे. आम्हीही रंग भरला. कमरेवर हात ठेवला, पदर सावरल्याचा आव आणला, आणि रेल्वेच्या डब्यात ऐकू येते तशी आडवी टाळी वाजवली. मंडप हसला. बायका हसल्या, पोरे हसली, टाळकरीसुद्धा हसले. आम्हांस वाटले, कीर्तन चांगले झाले.

महाप्रसादाच्या पंगती उठल्या. सगळ्यांच्या मागून एक बाई आल्या. साधे पातळ, हातात पिशवी, आवाज जरा जड. पाया पडल्या आणि म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? बृहन्नडेनं टाळी वाजवली, असं महाभारतात कुठं लिहिलंय?"

पाठशाळेत आमचे व्याकरण झाले, काव्य झाले, विराटपर्व तर मुळातून झाले. आम्ही मनातल्या मनात अध्याय चाळले. कुठेच नाही. आम्ही म्हणालो, "बाई, लिहिलेले नाही. लोक हसतात म्हणून आम्ही घालतो."

त्या म्हणाल्या, "मी शाळेत गणित शिकवायचे, महाराज. मी तृतीयपंथी आहे. शाळेला कळलं तेव्हा माझी खुर्ची शिक्षकांच्या खोलीतून व्हरांड्यात गेली. बायकांच्या संडासात जायचं नाही, पुरुषांच्या जायचं नाही; मग मी दिवसभर पाणीच प्यायचं सोडलं. पालक आले. म्हणाले, मुलांवर परिणाम होतो. शेवटी 'स्वखुशीने सोडते' असं लिहून घेतलं. पण त्याआधी, मी फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकावरून एक टाळी यायची. हीच, तुमची टाळी. ती काही मुलं शाळेत शिकली नव्हती. घरी शिकली, जत्रेत शिकली, कीर्तनात शिकली."

ती शाळा कोणती, गाव कोणते, हे आम्ही सांगणार नाही. शाळा एकच असती तर नाव घेतलेही असते. येथे मुद्दा शाळेचा नाही, आमच्या टाळीचा आहे. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळी पोथी काढली आणि विराटपर्व पुन्हा वाचले, या वेळी हशाची जागा शोधण्यासाठी नव्हे. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

बृहन्नडा विराटाच्या सभेत येते. हातात बांगड्या, कानांत कुंडले, मोकळे लांब केस. राजा तो देह पाहून चकित होतो. बृहन्नडा सांगते, मला गायन येते, वादन येते, नृत्य येते. राजकन्येला शिकविण्याचे काम द्या. आता येथे लक्ष द्या बरं का. राजा काय करतो? सभा हसवतो? नाही. तिची विद्या पाहतो, जी चौकशी करायची ती करतो, मंत्र्यांचा विचार घेतो, आणि आपली लाडकी लेक उत्तरा हिची शिक्षिका म्हणून तिला कन्यांतःपुरात पाठवतो. व्हरांड्यात खुर्ची नाही, थेट घरात मान! वर्षभर बृहन्नडा त्या मुलींना शिकवते. मुलींचा तिच्यावर इतका जीव, की पुढे ती उत्तराचा रथ हाकायला निघते तेव्हा मुली म्हणतात, बृहन्नडे, कौरवांना जिंकलेस की आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची रंगीत वस्त्रे घेऊन ये. एवढ्या मोठ्या युद्धाच्या धामधुमीत शिक्षिकेने ती आठवण ठेवली, वस्त्रे आणविली. ज्या बाईंना मुली बाहुलीचे कापड मागतात, त्या बाईंचा मुलींवर कोणता वाईट परिणाम झाला म्हणावा?

पण कथा येथे संपत नाही. युद्ध जिंकले ते बृहन्नडेने. विराट मात्र सोंगट्या खेळत आपल्या मुलाची स्तुती करीत बसला होता. कंकाच्या वेषातील धर्मराज म्हणाला, बृहन्नडा सारथी असता जय कसा होणार नाही? पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला. राजा संतापला. माझ्या पुत्राच्या जोडीला या षंढाचे नाव घेतोस? आणि हातातला फासा त्याने धर्मराजाच्या तोंडावर मारला. नाकातून रक्त आले. ते भूमीवर पडू नये म्हणून द्रौपदीने पात्र पुढे धरले.

पाहा, हाच तो राजा, ज्याने तिला नोकरी दिली! काम द्यायला त्याची हरकत नव्हती. यशाचे माप तिच्या पदरात घालायची वेळ आली तेव्हा मात्र फासा सुटला. वाचकहो, पोट भरू द्यायचे पण मान द्यायचा नाही, ही विराटाची चूक. आणि त्या चुकीचे रक्त कोणाच्या नाकातून आले? बृहन्नडेच्या नव्हे, धर्माच्या!

तो फासा अजून सुटतो आहे. बंगालात कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयात २०१५ साली मानबी बंद्योपाध्याय प्राचार्या झाल्या. तृतीयपंथी व्यक्तीस असे पद मिळाल्याचे देशभर कौतुक झाले. दीड वर्ष झाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा लिहिला. सहकारी व विद्यार्थी साथ देत नाहीत, असे कारण सांगितले. जेन कौशिक नावाच्या शिक्षिकेचे तर काय झाले? उत्तर प्रदेशातील एका शाळेतील नोकरी थोड्याच दिवसांत गेली. मग गुजरातेत जामनगरच्या शाळेने नेमणूक दिली, आणि ओळख कळताच ती मागे घेतली. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, त्यांना भरपाई देवविली, आणि असा भेदभाव कसा थांबवावा हे सुचविण्यास निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी या लोकांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले होते. २०१९ साली संसदेने कायदा करून शिक्षणात व नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली होती. म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. दारात उभे आहोत ते आपण.

आता शंका येतील. त्या घेऊ.

कोणी म्हणेल, महाराज, अर्जुन तर खरा पुरुष होता. ते सोंग होते. समाधान असे की, ते विराटास ठाऊक नव्हते. त्याने जे समोर दिसले त्याला गुरुपद दिले. पुण्य पाहणाऱ्याच्या दृष्टीचे आहे, सोंगाचे नव्हे.

कोणी म्हणेल, घरातल्या मुली अशा माणसाच्या हाती कशा द्याव्या? याचे उत्तर अर्जुनानेच दिले आहे. ओळख पटल्यावर विराट उत्तरेला त्याला देऊ लागला. अर्जुन म्हणाला, नाही. ती मला पित्यासारखी मानीत आली, आचार्य म्हणून तिने माझा मान राखला. मी तिला सून करून घेतो. गुरुपणाची मर्यादा ती ही. शिक्षक चांगला की वाईट हे त्याच्या वागण्यावरून ठरवा. वागणे वाईट असेल तर कोणीही असो, घालवा. वागणे चोख असता देहावरून घालविता, तर ती पोरांची काळजी नव्हे. आपली शिसारी पोरांच्या नावावर खपविणे आहे.

कोणी शास्त्री म्हणेल, स्मृतींत काय आहे? आम्ही लपवीत नाही. मनुस्मृतीत क्लीबास वारसा नाकारला आहे. लगेच पुढे त्याच्या अन्नवस्त्राची सोय करावी असेही सांगितले आहे. पण स्मृतीचे बोट धरूनच चालायचे, तर संन्याशाची चार पोरे आळंदीत आली तेव्हा काय झाले, ते आठवा. पैठणास जाऊन त्यांना शुद्धिपत्र मागावे लागले. ज्यांना शुद्धिपत्र मागितले गेले त्या पोरांपैकीच एकाला आपण आज माउली म्हणतो. आणि माउली या शब्दाचाही विचार करा. पुरुष देहाच्या ज्ञानोबांना आपण आई म्हणतो, विटेवरच्या पांडुरंगाला विठाई म्हणतो. कोणाला खटकते काय? व्याकरणाच्या पहिल्या वर्गात आम्ही शब्द चालवले ते तीन लिंगांत. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. आणि जे सर्व वेदांताचे अंतिम, तो ब्रह्म हा शब्द कोणत्या लिंगाचा? नपुंसकलिंगी! अमरकोशात तर 'तृतीयाप्रकृति' असा शब्दच आहे. प्रकृति म्हटले आहे, विकृति नव्हे.

दाराचा विषय निघाला तर पंढरीचे महाद्वार आठवल्यावाचून राहत नाही. चोखोबा त्या दाराबाहेर राहिले. ते दार सर्वांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले. गुरुजी मूळचे कोण? खानदेशात अंमळनेरच्या शाळेतले शिक्षक. देवळाचे दार शिक्षकाने उघडले. मग शाळेचे दार माळकऱ्याने अडवावे काय?

आमच्या मनमाडला चोहोकडच्या गाड्या येतात. मुंबईची, भुसावळची, दौंडची, नांदेडची. फलाटावर टाळी वाजते. आपण खिशात हात घालतो, दहा रुपये देतो, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतो. भीक घालताना आपल्याला त्या हाताचा विटाळ नाही, आशीर्वाद घेताना नाही. त्याच हातात खडू द्यायचा म्हटला की मात्र आपला हात आखडतो. २०११ च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ जणांनी स्त्री वा पुरुष न लिहिता 'इतर' असे लिहिले. आपल्या महाराष्ट्रात ४०,८९१. देशभरातल्या या लोकांत साक्षर शंभरात सुमारे ५६. म्हणजे शंभरातले सुमारे ४४ तर पाटीपर्यंतच पोचले नाहीत. जो एखादा पाटीपासून फळ्यापर्यंत पोचला, त्यालाही आपण परत फलाटावर पाठवतो, आणि वर विचारतो, हे लोक कामधंदा का करीत नाहीत?

आपल्या राज्यात चांगले घडतच नाही असेही नाही. माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने २०१७ साली तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. २०२१ साली जळगावजवळच्या भादली बुद्रुक गावाने तृतीयपंथी उमेदवारास ग्रामपंचायतीत पाठविले. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेच्या सेवेतील एका शिक्षकाने पुढे आपले स्त्रीपण उघड केले. नोकरी गेली नाही, जिल्हा परिषद पाठीशी राहिली. खेडे हे करू शकते, सरकारी कचेरी करू शकते. आपण तर समतेची पताका खांद्यावर घेणारे.

म्हणून तीन मागणी आहेत. आपल्यांत शाळांच्या समित्यांवर बसणारे माळकरी पुष्कळ आहेत. त्यांनी अर्ज आला की विराटाने सभेत पाहिले तसे विद्या पाहावी, आणि नेमल्यावर विराटाची चूक करू नये. खुर्ची, पाणी, संडास, मस्टरवरचे नाव, यांत कमी करू नये. पालकांनी तक्रार नेण्याआधी एकदा मुलाला विचारावे, बाई शिकवतात कशा? आणि आमच्या कीर्तनकार बंधूंनी ती आडवी टाळी सोडावी. ती पोथीत नाही. आपण ती घातली, आपणच काढू.

आम्ही ती काढली आहे. पुढच्या वर्षी त्याच देवळात, त्याच मंडपात विराटपर्व लावले. बाहुल्यांच्या वस्त्रांची गोष्ट सांगितली. हशा कमी झाला. दोन-चार बायकांनी डोळ्याला पदर लावला. त्या बाई आल्या होत्या. आता घरीच शिकवण्या घेतात; शाळेत त्यांना अजून कोणी बोलावलेले नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमची टाळी सुटली एवढ्याने त्यांची भाकरी परत आली नाही. जाताना म्हणाल्या, "महाराज, हे शाळेच्या कमिटीलाही सांगा." ते येथे सांगितले.

टाळी आपल्याला काही कायमची सोडायची नाही. ती वारकऱ्याची मिरास आहे. पण ती नामाची आहे. कोणाच्या जन्माची थट्टा करण्यासाठी ती दिलेली नाही. ज्या हातांनी विठ्ठलनामाची टाळी वाजवायची, त्या हातांनी कोणाच्या तोंडावर विराटाचा फासा पडू नये, एवढेच मागणे.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!