आधी कान, मग जीभ

मननासाठी शास्त्रभाग : मार्क ७:३१-३७, निर्गम ४:१०-१६



शब्बाथशाळेत मुलांकडून सुवर्णवचन म्हणवून घेण्याची आपली चाल जुनी आहे आणि चांगलीही आहे. परंतु त्या ओळीत कधीकधी एखादे लेकरू असे असते की, त्याची पाळी जवळ येऊ लागली म्हणजे त्याचे ओठ सुकतात. एका खेड्यातील मंडळीत आम्ही गेलो असता आठ वर्षांचा एक मुलगा असा उभा राहिला. वचन त्यास पाठ होते. पण पहिले अक्षरच ओठांवर अडले. मुले हसली. आम्हांस दया आली, आणि आम्ही घाईघाईने ते वचन त्याच्या वतीने पुरे करून, “शाबास, बैस,” असे म्हटले. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा तो शाळेत नव्हता. आई म्हणाली, “काय करावे, दर रविवारी सकाळी त्याचे पोट दुखते.” ते दुखणे कोठून आले, हे आम्हांस तत्क्षणी कळले. लेकराच्या तोंडचा घास आम्ही काढून घेतला होता आणि त्या कृत्यास दया असे नाव दिले होते. म्हणून आज आम्ही जे लिहीत आहो, ते शिकविण्याच्या आधी कबुली म्हणून लिहीत आहो.

दकापलीसच्या मुलखात प्रभूपाशी एका मनुष्यास आणिले. तो बहिरा होता व त्यास नीट बोलता येत नव्हते. प्रभूने त्याच्याशी कसे वर्तन केले ते सावकाश पाहा. प्रथम त्याने त्यास लोकसमुदायातून एकीकडे नेले. दहाजणांच्या देखत त्याची परीक्षा घेतली नाही. मग त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे पाहिले. जो ऐकत नाही त्यास कळेल अशाच, हातांच्या व डोळ्यांच्या भाषेत प्रभू त्याच्याशी बोलला. आणि शेवटी कोणता क्रम लिहिला आहे? आधी कान उघडले, मग जिभेचा बंध सुटला. हा क्रम आपण विसरतो. मूल बोलत नाही म्हणजे आपण त्याच्या जिभेकडे पाहतो. कानाकडे कोणी पाहत नाही.

मूल जे ऐकते त्यातूनच बोलणे शिकते. म्हणून ज्याचे बोलणे लांबले, त्याचे कान पहिल्याने तपासून घ्यावे. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नाही, दीड वर्ष झाले तरी एकही अर्थाचा शब्द बोलत नाही, दोन वर्षांचे झाले तरी “आई ये,” “दूध दे,” असे दोन शब्द जोडीत नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गमावून बसते, तर “याचा बापही उशिराच बोलला,” असे म्हणून स्वस्थ बसू नये. वारंवार फुटणारा कान ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्यानेही ऐकणे मंदावते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन मुले तपासतात, आणि ऐकणे, बोलणे, फाटलेला टाळू ही त्यांच्या तपासणीतच येतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि शंका असल्यास त्या दिवसाची वाट न पाहता आरोग्य केंद्रात जा. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. ज्यांनी त्या मनुष्यास प्रभूपाशी आणिले त्यांची नावे लिहिलेली नाहीत. तरी त्यांनी आणिले नसते, तर तो तसाच राहिला असता. उपदेशकांनो, हे आणण्याचे काम तुमचे आहे.

आता ज्या वाटांनी जाऊ नये त्या सांगतो. कोणी वेखंड उगाळून जिभेवर चोळतात. त्याने वाचा येत नाही. एका वर्षाच्या आतील बाळास मध चाटविणे तर धोक्याचे आहे. कोणी जिभेखालची तार कापून घेण्यास धावतात. ती कापावी की नाही हे डॉक्टरांस ठरवू द्या, कारण शब्द उशिरा फुटण्याचे कारण सहसा तेथे नसते. आणि कोणी विचारतात, हे कोणाचे पाप? जन्मांधाविषयी शिष्यांनीही हेच विचारिले होते, आणि प्रभूने त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर दोष ठेविला नाही. मग पाणवठ्यावर एखाद्या आईस टोमणा मारणारे आपण कोण?

घरी काय करावे? मोठे द्रव्य लागत नाही. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, मुलाच्या डोळ्यांसमोर बसून त्याच्याशी बोला. ते “पाणी” म्हणाले तर तुम्ही “गार पाणी” म्हणा. एक शब्द वाढवून द्या, मग थांबा आणि त्यास उत्तर देण्यास अवकाश द्या. चुकीच्या शब्दाबद्दल दटावू नका. तोच शब्द आपल्या बोलण्यात नीट म्हणून दाखवा. मोबाइलमधले चित्र बोलते खरे, पण ते लेकराचे ऐकत नाही. म्हणून ते आईची जागा घेऊ शकत नाही. आणि घरी अहिराणी बोलता की भिल्ली, याची लाज धरू नका. दोन भाषा कानी पडल्याने वाचेत दोष उत्पन्न होत नाही. ज्या भाषेत तुम्ही रडता व प्रार्थना करिता, त्याच भाषेत लेकराशी बोला.

अडखळणाऱ्या मुलाविषयी वेगळे सांगितले पाहिजे. दोन ते पाच वर्षांच्या वयात पुष्कळ मुले अडखळू लागतात व त्यांतील बहुतेकांचे ते आपोआप थांबते. परंतु सहा महिने लोटूनही ते थांबले नाही, किंवा मूल बोलताना तोंड वाकडे करू लागले वा बोलणे टाळू लागले, तर वाचा-उपचार करणाऱ्यांस दाखवावे. असे मूल मंदबुद्धीचे असते असे समजू नये. शब्द त्याच्या मनात तयारच असतो. वाट मात्र अडते.

मोशेकडे पाहा. आपली जीभ जड आहे, अशी त्याने परमेश्वरापाशी तक्रार केली. परमेश्वराने त्यास आठवण दिली की, मुख करणारा मीच आहे. आणि त्याच्याबरोबर बोलण्यास त्याचा भाऊ अहरोन दिला. पण हे ध्यानात घ्या की, काठी मोशेच्याच हाती राहिली आणि संदेशही त्याच्याच द्वारे आला. अहरोनाने मोशेचे म्हणणे पोहोचविले. मोशेला गप्प करून आपलेच म्हणणे पुढे केले नाही. आम्ही त्या मुलाचा अहरोन झालो नाही. आम्ही त्याच्या जागी जाऊन बसलो.

म्हणून, शिकविणाऱ्या बंधूंनो, मूल अडले म्हणजे त्याचे वाक्य पुरे करू नका. “सावकाश बोल,” “दम घे,” असेही म्हणू नका. तेणेकरून त्याचे भय वाढते. त्याच्या तोंडाकडे नव्हे, डोळ्यांकडे पाहा आणि वाट पाहा. अडखळणारी बहुतेक मुले गाताना अडत नाहीत, व दुसऱ्याबरोबर एकसुरात म्हणतानाही अडत नाहीत. म्हणून वचन दोघादोघांनी मिळून म्हणावे असा नियम सर्वांसच लावा, म्हणजे कोणा एकाकडे बोट राहणार नाही. ज्यास लिहून द्यावयाचे असेल त्याचे लिहिलेले घ्या. जखऱ्याची वाचा बंद असता त्याने पाटीवर लिहिलेले नाव घरच्यांनी मान्य केले. तेच नाव योहानाचे झाले. आणि हसणाऱ्या मुलांस त्या लेकरासमोर नव्हे, एकीकडे घेऊन समजवा.

सर्वच मुले बोलू लागतील असे वचन आम्ही देत नाही. कित्येकांस हातांच्या खुणांनीच बोलावे लागेल. तीही खरी भाषा आहे, आणि आईबापांनी व भावंडांनी ती शिकावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा यांची अक्षमता मान्य केली आहे. म्हणून शाळेच्या दारातून असे मूल परत पाठवू लागल्यास मुकाट्याने परतू नका.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. ओसरीवर बसून, बापाच्या देखत, त्या मुलाची क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून उभा राहिला आणि त्या रविवारचे वचन म्हणू लागला. तीन ठिकाणी तो अडला. आम्ही थांबलो. आई दारात हातातले सूप तसेच धरून उभी राहिली. शेवटचा शब्द त्याने आपल्या तोंडाने उच्चारला. त्याची जीभ त्या दिवशी मोकळी झाली असे आम्ही म्हणत नाही. तो आजही अडखळतो. पण आमचे कान त्या दिवशी उघडले.

हे प्रभू, लेकरांच्या जिभेसाठी आम्ही तुझ्यापाशी मागतो. परंतु त्याआधी आमचे कान उघड, आणि आम्हांस थांबावयास शिकीव. आमेन.