औषध कुणासाठी?

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये खोकडांसाठी, म्हणजे फॉक्ससाठी, जंताच्या औषधाची आमिषं ठेवली गेली. ऐकायला भूतदया वाटते. पण त्या पट्टकृमीचा खोकडाला फारसा त्रास नसतोच. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृत पोखरलं जातं. औषध खोकडाला, इलाज आपला.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९९४ साली खरूज आली आणि दोनेक वर्षांत तिथली ९५ टक्क्यांहून अधिक खोकडं संपली. खाजवून खाजवून मरणारं जनावर पाहून आपण सहज म्हणतो, ‘निसर्गात ढवळाढवळ नको.’

आमिषांना माझा विरोध नाही. पण स्वतःच्या यकृतासाठी ढवळाढवळ केल्यावर, खोकडाच्या खरजेपुढे तेच कारण मला तोंडावर आणता येत नाही.