पाहुणे की सोबती?



अलास्कातील केचिकन बंदरात क्रूझ जहाज थांबले की काही प्रवासी ‘अल्यूशियन बॅलड’ या मासेमारी बोटीवर फेरीला जातात. पूर्वी ही बोट बेरिंग समुद्रात खेकडे धरायची. २००५ साली तेथे एका प्रचंड लाटेने तिला आडवे केले होते. आता ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात फिरते. मच्छीमार पिंजरे ओढून खेकडे दाखवतात. प्रवासी खुर्च्यांवर बसून पाहतात, फोटो काढतात आणि जहाजावर परततात.

यात गैर काही नाही. कष्ट जवळून पाहिले की ताटातल्या माशाचे मोल कळते. पण आपणही मिस्साला असेच येतो का? बाकावर बसलो, पाहिले, जेवायला घरी परतलो! येशूने शिमोनाच्या मचव्यात बसून लोकांना शिकवले. मग त्यालाच खोल पाण्यात जाळी टाकायला पाठवले (लूक ५). शब्द ऐकणाऱ्याला किनारा सोडावा लागतो.

या आठवड्यात मासळी घेताना घासाघीस करण्याआधी कोळीणमावशीला विचारू या, “घरचे समुद्रावर गेलेत का?” आणि संध्याकाळच्या रोझरीत त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.